रकाना पाच

पंचायत समितीचा फॉर्म आला शनिवारी:
शाळेला मदत करणाऱ्यांची नावं कळवा,
सोमवारी बाराच्या आत.
रकाना एक नाव, दोन पत्ता, तीन हुद्दा,
चार शाळेशी नातं,
पाच मदतीची रक्कम, रुपयांत.

खाजणवाडीची शाळा, पट अकरा,
शिक्षिका एक, तीच घंटा देते,
तीच पेन धरून पाचव्या रकान्याशी अडली.

आनंदीबाई कोयंडे.
मासळी विकून परतताना रोज साकवाशी थांबते,
रिकामी पाटी डोक्यावर तशीच,
पोरं पलीकडे जाईपर्यंत.
अक्षर येत नाही, पण हिशेब चोख:
दोन गंडे वर तीन.
एकदा दोन गंडे वर दोनच भरले,
तर पाटी तिथेच टाकून
ती उलट पावली वाडीत गेली,
आणि तापाने फणफणलेल्या मंग्याची खबर
घामाघूम होऊन मला देऊन गेली.
नाव लिहिते म्हटलं तर हसली,
"पोरां मोजूक काय पैसे पडतत?"

पास्कू डिसोजा, होडीचा मेस्त्री.
मोडलेल्या बाकांना त्याने
जुन्या होडीच्या फणसाच्या फळ्या ठोकल्या,
सांध्यांत डांबर भरलं, सवयीने.
एप्रिलच्या दुपारी
पोरांची कोपरं अजून बाकाला चिकटतात.
"ही फळी दर्यात बुडूक नाय,
वर्गात काय बुडतली?"

रझिया मुजावर, सानियाची आई, दहावी पास.
मला टायफॉइड झाला तेव्हा
नऊ दिवस शाळा तिने उघडली.
हजेरीपटाला हात लावला नाही,
तो सरकारी,
कॅलेंडरच्या पाठीवर हजेरी मांडली.
सातचा पाढा तिने तिच्या चालीत शिकवला,
सात नव्वे त्रेसष्टला एक लांब हेल.
मुलं अजून तसाच म्हणतात.
मी सुधारत नाही.

आणि बाळा खवळे.
बाळा पितो, हे सगळ्या वाडीला ठाऊक.
शाळेचा संडास तुंबतो तेव्हा
बादली घेऊन कोण येतं
हेही सगळ्या वाडीला ठाऊक,
पण ते कोणी बोलत नाही.
अध्यक्ष म्हणाले, बाई, तेवढं नाव नको,
वर चांगलं दिसत नाही.
मी ते पहिलं लिहिलं.

पाचवा रकाना कोरा ठेवून चालत नव्हतं.
चारही नावांपुढे लिहिलं:
निरंक.
लिहिताना हात जड झाला,
पण त्या कागदाच्या भाषेत
दुसरा शब्द नव्हता.

सत्कार तालुक्याला, गुरुवारी अकरा वाजता.
पाहुणे दीडला आले.
नावं पुकारली, एकदा, दोनदा.
कोणी उठलं नाही.
त्या दिवशी वारा पडला होता
आणि रापण लागली होती;
अख्खी वाडी किनाऱ्यावर दोरीला.
चार शाली, चार श्रीफळं
तांदळाच्या रिकाम्या गोणीत भरून
मी दुपारच्या एसटीने परतले,
घाटी उतरून सरळ पुळणीवर.

बाळाने कमरेची दोरी न सोडता पाहिलं,
"बाईनू, हात मोकळे आसत तर धरा."
गोणी वाळूत ठेवली. धरली.
तळहात सोलले.
जाळ्यात फार नव्हतं,
तारली, थोडे बांगडे, एक जेलीफिश,
तरी वाटे घातले तेव्हा
माझाही एक वाटा पडला.
मी नको म्हटलं
तेव्हा आनंदीबाई पहिल्यांदा माझ्यावर रागावली.

नारळ दुसऱ्या दिवशी शाळेच्या उसळीत गेले.
शाली कपाटात आहेत,
खारट हवेने कडेला पिवळ्या पडू लागल्यात.
परवा रझिया म्हणाली,
स्नेहसंमेलनाला होतील, राजाच्या अंगावर.
मी म्हटलं, अगं, नाटकात राजा एकच आहे.
ती फळा पुसत होती.
म्हणाली, मग नाटक बदला.