रद्दी

तार्तूत, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत
हेल्दुर म्हातारा पहाटे तीनला ओणवा होऊन
फरशीवर वर्तमानपत्रं अंथरतो.
बाहेर उणे अठरा.
पिल्लू नऊ आठवड्यांचं, नाव मुस्ती.
नुसते कान; बाकीचं अजून यायचंय.

काल ते निवडणुकीवर मुतलं,
परवा बटाट्याच्या भावावर,
आणि एकदा, सगळे कागद सोडून,
त्याच्या एकुलत्या एका बऱ्या बुटात.
तो ओरडला नाही.
त्यालाही आताशा रात्रीतून तीनदा उठावं लागतं;
कुणाला बोलणार?

खालची साल्मे म्हणाली, खाऊन झालं की लगेच खाली न्यायचं,
बाहेर केलं की शाबासकी द्यायची.
चौसष्ट पायऱ्या, तो म्हणाला, आणि गुडघा माझा.

गठ्ठा उतरत गेला. जानेवारी, डिसेंबर, मग मागची सालं.
आज तळाशी
तिचं शब्दकोडं निघालं, पेन्सिलीनं अर्धं सोडवलेलं.
सात उभ्यापाशी
खोडरबराचा चुरा अजून तसाच.

कागद धरून तो खुर्चीत बसून राहिला.
फरशी उघडीच.

मुस्तीनं इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं,
एक गिरकी घेतली,
आणि दाराशी जाऊन बसलं.
एकच बारीक कुईं.

कोडं वरच्या खिशात, पिल्लू कोटाच्या आत,
एक हात कठड्याला.
साठाव्या पायरीवर
पोटावरून काहीतरी ऊबदार ओघळलं.
चारच राहिल्या होत्या रे, तो म्हणाला,
आणि तरीही खाली गेला,
शाबासकी द्यायला.