चुन्याची गल्ली

हेर्मोसियोत जून महिन्यात
कुत्री रस्ता ओलांडत नाहीत.
काठावर उभी राहून एक पाय पुढे टाकतात,
उचलतात,
आणि विचार बदलतात.

रेमेदियोसनं शाळेतून उसना आणलेला तापमापक
डांबरावर रोखला, बंदुकीसारखा.
अडुसष्ट.
हवेत शेचाळीस होतं.
वरचं सगळं काळ्या रंगाचं देणं.

नगरपालिकेकडे परदेशी लेपाची फाइल आहे.
एका गल्लीचा खर्च वाचताना
कारकुनालाच हसू आलं होतं.
मग आम्हीच: चुन्याच्या अकरा गोण्या, मीठ,
चाळलेली पांढरी वाळू,
आणि निवडुंगाची पानं, रात्रभर पिंपात चिरून टाकलेली.
सकाळी हात घातला की बुळबुळीत दोर वर येतो.
"चुन्याला धरून ठेवतं ते हेच," तोमासा म्हणाली,
"माणसाला धरत नाही, एवढंच."

इतकी वर्षं नगरपालिका आम्हाला चुना लावत आली.
आज आम्ही रस्त्याला.

बाबा दारात खुर्ची टाकून बसलेत.
ही गल्ली त्यांनीच काळी केली, एकोणनव्वद साली,
वाफाळतं डांबर ओतून,
रोज संध्याकाळी बुटांचे तळ सुरीनं खरवडून.
धूळ संपली म्हणून आईनं त्या आठवड्यात
पांढरे पडदे शिवले होते.
त्यांचे केस खरोखरच उन्हात पांढरे झालेत.
ते काही बोलत नाहीत.
खराटा कुठून मारायचा तेवढं हातानं दाखवतात:
उताराकडून वर.

दुपारी अडीचला सत्तावन्न.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत,
डोळेच उघडत नव्हते.
ऊन आता खालून येत होतं,
हनुवटीखाली, नाकपुड्यांत, टोपीच्या आत.
पाववाला सायकलवरून शिव्या देत गेला.
"बरोबर आहे त्याचं," रेमेदियोस म्हणाली,
"रस्त्यानं नाकारलेलं ऊन
आकाशात जाताना वाटेत आपण लागतो.
रात्रीपर्यंत थांबा."

थांबलो.
अकरा वाजता पलीकडच्या गल्लीतली माणसं
मानेवर ओले टॉवेल टाकून अजून बाहेरच होती.
आमच्या रस्त्यावर तळहात ठेवता येत होता.
ठेवला. थंड नव्हता.
तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

बाबा काठी टेकत खाली उतरले.
चपला काढल्या.
जन्मभर रस्ते केले त्यांनी,
त्यावर अनवाणी उभे राहिल्याचं मला आठवत नाही.
"टिकायचा नाही," म्हणाले.
"टायर खातील. ऑक्टोबरपर्यंत, फार तर."
आणि तिथेच उभे राहिले,
इतका वेळ की तोमासानं खुर्ची आणली.
बसले नाहीत.
अंगठ्यानं एक काळा ठिपका चाचपला,
घराच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर.

"इथे लागला नाही."

पिंपाच्या तळाशी थोडा उरला होता.