पात्रता फेरी

यंदाही आमचा संघ पात्रता फेरीतच गारद.
मार्चमध्ये, पेनल्टीवर.
तेव्हा ओटाकर गल्ल्यावरून म्हणाला, रडता कशाला,
विश्वचषक आपण पिऊ.

म्हणजे असं, की ऊश्तेकच्या या गुत्त्यात
ज्या दोन देशांचा सामना, त्या दोन देशांच्या बाटल्या.
लेबल दिसू नये म्हणून वर मोजे चढवायचे,
ओटाकरच्या पोराचे, फुटबॉलचे,
एक लाल, एक पांढरा.
धुतलेले आहेत, असं ओटाकर म्हणतो.
बाटल्या आणतो हिनेक. तो प्रागच्या विमानतळावर
गोदामात कामाला आहे, आणि पुढचं
आम्ही त्याला विचारत नाही.

जर्मनीची आली. प्रोकॉपने मिशी बुडवली.
हिशेब चोख आहे, म्हणाला, पण हिच्याशी गप्पा होत नाहीत.
मेक्सिकोची दोरीवर वाळणाऱ्या परकरासारखी,
हलकी, वारा आला की उडणारी.
ब्राझीलची इतकी गार
की चव कळायच्या आत घसा सुन्न.
हीच तर त्यांची चाल, प्रोकॉप म्हणाला,
आणि पुन्हा ओतून घेतली, चाल नीट कळावी म्हणून.
बेल्जियमची नऊ टक्क्यांची,
पहिल्या घोटाला साधू, तिसऱ्याला मेव्हणा.
इंग्लंडची कोमट. तिच्यावरचा निर्णय
अजून पंचांकडे आहे.

जपानची इतकी स्वच्छ, की आम्ही जरा सरळ बसलो.
आणि घोट संपता संपता, जिभेच्या मुळाशी,
मला आमचा उत्तरेकडचा उतार लागला.
शपथ घेऊन सांगतो.
तीस वर्षं हॉप्सच्या वाळवणीवर आहे मी,
तो कडवटपणा माझ्या शर्टातून जात नाही,
बायको उशीला वेगळी खोळ घालते.
आम्ही पात्र ठरलो नाही खरं,
पण मैदानावर होतो, कुणाच्या तरी बाटलीत,
दोन्ही संघांकडून.
हे मी मोठ्याने बोललो. कुणी ऐकलं नाही.
कॉर्नर मिळाला होता.

गुण लिहायची द्राहोमिरा.
टीव्हीखालच्या फळ्याशी, हातात खडू,
पुढ्यात रास्पबेरीचा सोडा.
वीस वर्षं तिने बिअरच्या कारखान्यात चव घेतली,
पगारावर, पांढऱ्या कोटात. मग पगाराबाहेर.
मग घरी, दार लावून.
चार वर्षं झाली, थेंब नाही.
तालुक्यातली सगळ्यात तरबेज जीभ,
आणि ती आमच्यासारख्या गाढवांची मतं
सुवाच्य अक्षरात लिहीत होती.

मग इराणचा सामना लागला.
हिनेकने बाटली काढली तीच ओशाळून.
बिनदारूची. जवाची. नुसती.
प्रोकॉपने नाक मुरडलं: ही तर
न वाजणारी शिट्टी.
मोजा घालायचीही कुणी तसदी घेतली नाही.

द्राहोमिराने खडू खाली ठेवला.
बोटं स्कर्टला पुसली.
पेला उजेडाकडे धरला, फिरवला, नाक नेलं,
आणि टीव्हीकडे पाठ करून एक घोट
तोंडात ठेवला, आम्ही श्वास धरून बसेपर्यंत.
जव जरा जास्त भाजलाय, म्हणाली.
पाणी जड आहे, डोंगरातलं असावं.
ज्याने केली त्याला घाई नव्हती.
मागे गोल झाला. आरडाओरडा टीव्हीतच राहिला.

आणखी आहे का?

हा प्रश्न तिच्या तोंडून
या गुत्त्यात आम्ही शेवटचा ऐकला
तेव्हा ओटाकरने तिला उचलून घरी नेलं होतं.
आताही त्याचा हात बाटलीवर थबकला,
जुन्या सवयीने.
मग त्याचं त्यालाच हसू आलं, किंवा दुसरं काहीतरी,
कारण त्याने तोंड फिरवलं आणि काठोकाठ ओतली.
कानावरची पेन्सिल काढून
तिच्या पुढ्यातल्या कोऱ्या पट्टीवर
एक रेघ मारली.
थोड्या वेळाने दुसरी.

जिन्यावरून पोरगा ओरडत होता,
सकाळी मॅच आहे माझी,
मोजे कुठायत?