अकरा मिनिटं

बेटाखालून नळी जाते. एकेका इमारतीची
झडप उघडते, मिटते,
आणि वर कुणी सोडून दिलेली पिशवी
मोटारीच्या वेगाने माझ्याकडे येते.
रस्त्यावर ना घंटागाडी, ना डबे.
रूझवेल्ट बेटावरच्या कित्येकांना
मी आहे हेच माहीत नाही.

पडद्यावर हिरवे ठिपके बघत बसतो.
ऑस्वाल्दो कॉफी आणतो. आम्ही खुणांनी बोलतो,
पंख्यांच्या घरात शब्दाला उभं राहायला जागा नसते.
मला हे नवीन नाही. इचलकरंजीत आमच्या गल्लीत
पहाटेपासून माग खटखटायचे,
मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं मागायचो.
बाबा पन्नाशीतच बहिरे.
लग्नात सनईवाल्याचे गाल फुगले की
ते बघून मान डोलवायचे.

मंगळवारी रात्री पावणेदोनला
फोनचा दिवा लुकलुकला.
मिसेस पिंकनी, नववा मजला, वय ब्याऐंशी.
कानातलं यंत्र रुमालात गुंडाळून ठेवलं होतं.
रुमाल कागदी होता.
मी ओरडून विचारलं, किती वाजता टाकलंत?
त्या म्हणाल्या, शेंगदाण्याएवढं आहे.
मी म्हटलं, किती वाजता?
त्या म्हणाल्या, डाव्या कानाचं.

त्यांच्या इमारतीची पाळी साडेबाराला होऊन गेलेली.
म्हणजे पिशवी सगळं बेट पालथं घालून,
भोवऱ्यात गरगरून,
खाली पत्र्याच्या पेटीत पडली असणार,
तीनशे घरांच्या जेवणाखाली.
दोनला दाबयंत्र सुरू होतं. आपोआप.
त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

नियमावलीत हरवलेल्या वस्तूंचं एक पान आहे.
त्यात अंगठी आहे, किल्ली आहे, पासपोर्ट आहे.
ऑस्वाल्दोने घड्याळाकडे बोट केलं, खांदे उडवले,
मग स्वतःच लाल बटणावर तळहात ठेवला.

पंखे थांबायला वेळ लागतो.
आधी घरघर, मग दमेकऱ्याचा श्वास,
मग काही नाही.
चार वर्षांत पहिल्यांदा मी ऑस्वाल्दोचा आवाज नीट ऐकला.
किनरा आहे. मला वाटलं होतं, भारदस्त असेल.

पेटीचं दार उघडून उभे राहिलो.
वास तर होताच, संत्र्याच्या साली, मांजराची वाळू,
पण आम्ही नाकाने शोधायला आलो नव्हतो.
बाबांना यंत्र उशिरा घेऊन दिलं. ते काढून
शर्टाच्या खिशात टाकायचे, आणि खिसा
दिवसभर शिट्ट्या मारायचा.
घरात एकट्या त्यांनाच त्या ऐकू यायच्या नाहीत.

पिशव्या अंग सैल करत होत्या, करकरत, उसासत.
वर अख्खं बेट झोपलेलं
आणि त्याचा घास नळीत अडकलेला.
पाचवं मिनिट. सहावं.
सातव्याला ऑस्वाल्दोने बोट वर केलं.
डाव्या अंगाला, खोल,
डासाने शीळ घालावी तेवढं.

त्यानंतरही पाच पिशव्या फाडाव्या लागल्या.
हाताला काय काय लागलं ते सांगत नाही.
लोकांनी विश्वासाने टाकलेलं असतं.

संगणकाने थांबण्याचं कारण विचारलं.
यादीत सहा कारणं होती. सातवं होतं ‘इतर’.
तिथे टिचकी मारली.

पंखे पुन्हा सुरू झाले. ऑस्वाल्दो काहीतरी म्हणाला,
त्याचे ओठ हलताना दिसले.
माझ्या मुठीत ते शेंगदाण्याएवढं
अजून शिट्टी मारत असणार.
मी बघून मान डोलवली.