पळीला बांधलेली किल्ली

किल्लीला पळी बांधलीय,
उगाली ढवळून काळी पडलेली लाकडी पळी,
म्हणजे कुणी खिशात घालून कामावर जाणार नाही.
मागे ओचोला घेऊन गेला होता, थेट कारखान्यापर्यंत,
अकरा घरांनी त्या दिवशी
त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

किल्ली माझ्या दाराला, वही माझ्या उशाशी.
घरटी शंभर शिलिंग.
म्हातारा मुटिसो पैसे देत नाही, शनिवारी फरशी घासतो.
न्याबोके भांडते, मैला उपसणाऱ्याला काय
घासलेली फरशी देणार आहात?
तिचंही खरं आहे.

आधी काय होतं ते सांगत नाही.
रात्री पत्र्यावर पिशवी पडल्याचा आवाज
ज्यानं ऐकलाय, त्याला तो अजून ऐकू येतो.

काल रात्री मुथेऊ आत गेली ती बाहेर येईना.
रांगेत पाच जण. न्याबोकेचा पोरगा
या पायावरून त्या पायावर.
कुणी म्हणालं, पोट बिघडलं असेल. कुणी दार बडवलं.
मी गेले, कमिटीची बाई, हातात बॅटरी,
दाराला कान लावला.

आत नळ सोडला होता बादलीत
आणि त्या आवाजाच्या आडोशाला ती रडत होती,
तोंडात कापड कोंबून.

दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण,
शेजारी कूस वळला तरी आपला पत्रा वाजतो.
मुकुरूच्या या गल्लीत
आतून कडी लावून एकटं बसावं
असं हे एकच दार.
आम्ही मीटिंगांमध्ये खड्ड्याची खोली बोललो,
पाण्याचा दर बोललो, दोनदा हातघाईवर आलो;
कडीचं तर सुतारानंच आठवण करून दिली.

मी रांगेकडे वळले.
"पाणी संपलंय. पलीकडच्या चाळीत जा,
केरुबोनं पाठवलं म्हणून सांगा."

नळ सगळ्यांना ऐकू येत होता.
न्याबोकेनं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं,
पोराचं बखोट धरलं आणि निघाली,
मला, टाकीला, नगरपालिकेला
एका दमात शिव्या घालत.

बऱ्याच वेळानं कडी निघाली.
मुथेऊनं पळी हातात दिली. दांडा ओला होता.

वहीत दोन बादल्या जास्तीच्या.
जास्तीचं पाणी गेलं तर कारण लिहायचं, असा आमचाच नियम.
लिहिलं:
गळती.