सहावं पान

मी फक्त शब्द इकडचे तिकडे करते.
डॉक्टर ओल्वेरा स्पॅनिशमध्ये म्हणतात, कदाचित.
माझ्या तोंडून ते इंग्रजीत बाहेर पडताना
जरा ताठ होतं, केस विंचरून घेतं.
याचे मला दिवसाला चाळीस डॉलर.

वेंडेल क्रान मॅनिटोबाहून आला होता.
चर्चचे पियानो सुरात लावायचा.
आता बोटं मिटत नव्हती,
आणि घोट गिळताना तो भिंतीकडे बघायचा.
लोर्नाने होडी विकली होती, बाकीचं गावाने केक विकून जमवलं.
तीन सुयांचे अठ्ठावीस हजार. पावती हाताने लिहिलेली.

सहाव्या पानावर बारीक अक्षरात सगळं होतं:
गुण येईल याचा पुरावा नाही,
पेशी कुठून आल्या ते सांगायला आम्ही बांधील नाही.
लोर्नाने बोट ठेवलं. इथं काय लिहिलंय?
मी म्हणाले, नेहमीचंच.

संध्याकाळी कोपऱ्यावर ते गाढव उभं होतं,
झेब्र्याचे काळे पट्टे रंगवलेलं, डोक्यावर टोपी.
वेंडेलने पाच डॉलर देऊन त्याच्याशेजारी फोटो काढला.
खूप हसला.
गाढव आहे हे गिऱ्हाईकाला ठाऊक, मालकाला ठाऊक,
बहुतेक गाढवालाही.
आमच्या रस्त्यावरचा तेवढाच धंदा सरळ.

ऑक्टोबरात तपासणीवाले आले.
फ्रीजमध्ये तारीख नसलेल्या कुप्या,
त्यांना टेकून कुणाचा तरी जेवणाचा डबा.
दाराला सील लावायला लागले
तर बाकावरचे रुग्ण त्यांच्याच अंगावर धावले.
ओहायोची एक आई ओरडली,
तुमचा कायदा उचलणार आहे का माझ्या पोराला, रात्री, कूस बदलायला?
हे वाक्य मात्र मी जसंच्या तसं केलं.
अधिकारी पोरगेलासा होता.
त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
सील लावलं.
बरोबरच केलं त्याने. तरी ती बाई माझ्या कानात अजून आहे.

तीन आठवड्यांत दोन गल्ल्या पलीकडे नवी पाटी.
फ्रीज तोच, ओरखड्यावरून ओळखला.
मला निरोप: आता पन्नास देऊ.
नाही म्हणाले. लगेच नाही म्हणाले असं नाही.

जानेवारीत लोर्नाचा फोन.
मागे कुणीतरी पियानोची एकच पट्टी दाबत होतं,
उतरलेली.
ती रागावली नव्हती. म्हणाली,
त्या सहाव्या पानावर नेमकं काय होतं गं?

कागद माझ्याजवळ नव्हता.
पाठ होता.