उसनवारीचा राक्षस

भाद्रपदात हळदीची कढई रिकामी असते,
तिचं पोट केलं.
भूपाल मगदुमांनी देतानाच बजावलं,
"पोचे काढून आणून द्यायची पोरी,
राक्षस असला म्हणून काय झालं."

कातडीला बेदाण्याच्या शेडची जाळी,
अजून गंधकाच्या धुरीचा वास धरून.
दात पाइपलाइनच्या तुकड्यांचे, तिरके कापलेले.
दुसऱ्या सुळ्याला माझंही बोट कापलं.
डोळे बाबालाल मुलाणींच्या वडाप जीपचे इंडिकेटर,
आणि त्याच जीपची वायपर मोटर
जबड्यामागं, सायकलच्या चेनवर.

देखावा बकासुराच्या वधाचा होता.
भीम झालाच नाही.
पैसे आणि पाइप, दोन्ही राक्षसातच संपले.

पहिल्या रात्री जबडा उघडला तो मिटेना.
दुसऱ्या रात्री मिटला
तो ज्ञानू सुताराची पक्कड आत घेऊन.
मंडळातली पोरं म्हणाली, आयटीआय केलंस ना गं तू?
मी चौदा फुटांच्या पोटात बसून
वायरी मोजत होते. लाल, काळी, लाल.
बाहेरून कुणीतरी चहा आलाय म्हणत होतं,
घरात म्हणतात तसं.

उजवा हात वर जायचा आणि अर्ध्यात थांबायचा.
पेंढा काढला, भुस्सा काढला,
तरी थांबायचाच.
सगळे विचारायचे, हा मारतोय का आशीर्वाद देतोय?
म्हटलं, बघणाऱ्यानं ठरवावं.

आवाज राहिला होता.
सगळ्यांनी हसून बघितलं, सरपंचांनीसुद्धा.
सगळ्यांचं हसू माणसाचं.
मग हिंदुराव, शाळेचा शिपाई,
तेवीस वर्षं घंटा देणारा,
"हो सर"च्या पुढं ज्याचं वाक्य
सावळजात कुणी ऐकलं नव्हतं,
खुर्च्या ठेवायला आला होता, तो म्हणाला,
मी बघू का?
मी मोबाइल त्याच्या तोंडापुढं धरला.
त्यानं आधी खाकरून घेतलं.
मग चप्पल काढली, का कोण जाणे.
आणि आलं ते.
खोल विहिरीत दगड टाकल्यावर
आधी काहीच नाही,
आणि मग सगळी विहीरच.
पत्रा थरथरला. मगदुमांची म्हैस दावं ताणून उभी राहिली.
हिंदुरावनं चप्पल घातली.
"चालंल का?"

दहा दिवस कवठ्यापासनं माणसं आली.
पोरं बापाच्या खांद्यावरून उतरेनात.
हिंदुराव गर्दीत, हात मागं बांधून,
दर आठ मिनिटांनी स्वतःला ऐकत.
शेजारी उभं राहून हेडसर दचकले.
कुणालाच ओळखू आलं नाही.
मी तिथं नसते
तर मलाही आलं नसतं.

अनंत चतुर्दशीला देव अग्रणीत गेला.
राक्षसाला कोण पाण्यात सोडतंय?
त्याला घरोघरी परत द्यावं लागतं.
कढई मगदुमांकडं गेली, एक पोचा तेवढा राहिला.
पोटात ज्ञानूची पक्कड सापडली.
मोटर जीपला गेली,
परतीच्या पावसात बाबालालची काच पुसायला.
दातांचं काय झालं माहीत नाही,
कुणाच्या तरी बागेत त्यातून पाणी जात असेल.
माघात जाळीवर द्राक्षं पसरली.
फाल्गुनात मी त्यातला एक बेदाणा तोंडात टाकला.
गोड होता.
कुणाच्या पाठीवर वाळलाय, ते शेडवाल्याला सांगितलं नाही.

हसू तेवढं माझ्याकडंच राहिलं होतं.
एकदा मधल्या सुट्टीत शाळेत गेले,
मोबाइल पुढं केला, म्हटलं,
मामा, हे तुमचं. बाकी सगळ्यांचं सगळं दिलं.
हिंदुरावनं एकवार हेडसरांच्या खोलीकडं बघितलं.
"राहू दे तुझ्याकडंच," म्हणाला,
"लागलं तर मागून नेईन."
आणि घंटा द्यायला गेला.